तिसरं पत्र

"तूच लिहून आण. मी सही करतो," डॉ. धैर्यशील इंगवले म्हणाले आणि पुन्हा मोबाईलमध्ये बघायला लागले.

यात त्यांच्या मते विशेष काहीच नव्हतं. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून बारा वर्षांत त्यांनी शेकडो शिफारसपत्रांवर सह्या केल्या होत्या आणि त्यातलं एकही स्वतः लिहिलं नव्हतं. विद्यार्थ्यानं आपली स्तुती आपणच टाईप करायची, लेटरहेडवर प्रिंट काढायची, केबिनबाहेर ताटकळत बसायचं, आणि सरांनी काही न वाचता खाली सही ठोकायची. शिपायानं शिक्का मारला की झाली शिफारस. आपल्याकडं सगळीकडं हेच चालतं, आणि चालतं म्हणून ते बरोबर, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय.

"मी नाही लिहिणार, सर," निशिगंधा म्हणाली.

सरांनी मान वर केली. "का? इंग्रजी जमत नाही?"

"जमतं. गेल्या वर्षी तुमचं मीच लिहिलं होतं. प्राचार्यांचं आणि भैरवी मॅडमचंही मीच लिहिलं होतं. त्याचं काय झालं ते माहीत आहे तुम्हाला."

काय झालं होतं ते सांगितलं पाहिजे. निशिगंधा चौगले कसबा बावड्याची, वडील कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. एम.एस्सी. झाल्यावर तिनं कॉलेजच्या एका प्रोजेक्टवर तीन हंगाम गुळावर काम केलं होतं. नेदरलँड्सच्या एका विद्यापीठातल्या मारीके नावाच्या प्राध्यापिकेला ते काम इतकं आवडलं, की त्यांनी पीएच.डी.साठी तिला घ्यायचं कबूल केलं. पैशांच्या बाबतीत मात्र त्यांनी हात वर केले. विद्यापीठाची एक फेलोशिप होती, चार वर्षांचा पगार आणि फी माफ. ती मिळाली तर ये, नाहीतर प्रवेश असून नसल्यासारखा. चौगल्यांचं घर विकलं असतं तरी तिथलं दीड वर्ष निघालं नसतं, तेव्हा दुसरा विचारच नव्हता.

त्या फेलोशिपला तीन शिफारसपत्रं लागायची. गेल्या वर्षी निशिगंधानं तिन्ही लिहिली, तिघांच्या सह्या घेतल्या आणि पाठवून दिली. तीन वेगवेगळ्या माणसांनी तिला 'अत्यंत कष्टाळू, नम्र आणि आज्ञाधारक' म्हटलं होतं, ह्याच क्रमानं. तिघांना तिच्याबद्दल एकच प्रसंग आठवला होता. महिन्याभरात उत्तर आलं: तिन्ही पत्रं एकाच हातची दिसतात, सबब अर्ज विचारात घेता येत नाही, पुढल्या वर्षी पुन्हा करू शकता.

त्या दिवशी तिला शरमेनं मेल्यासारखं झालं. आपण खोटेपणा करतोय असं लिहिताना तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. आता दुसरी आणि शेवटची संधी होती. एम.एस्सी. होऊन पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असा नियम होता आणि तिची पाच वर्षं ह्या जूनमध्ये भरत होती.

"तिकडच्या लोकांना आपली पद्धत कळत नाही," सर म्हणाले. "ह्या खेपेला जरा शब्द बदलून लिही म्हणजे झालं."

"सर, दहाच ओळी. पण तुमच्या तुम्ही लिहा. मी काय केलं, काय चुकलं, तुम्हाला काय वाटतं."

"मला एवढंच काम आहे का गं? चारच विद्यार्थी आहेत का माझे?"

"मग राहू दे, सर."

असं म्हणून ती उठली. धैर्यशील सरांच्या केबिनमधून आजवर कुणी 'राहू दे' म्हणून उठलेलं नव्हतं. ते इतके चकित झाले की रागवायचंच विसरून गेले.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "लिवून टाक की. चार ओळींनी काय झिजतीस?"

"खोटं हाय ते, आई."

"खोटं कसं? तू कष्टाळू न्हाईस व्हय?"

आईचा मुद्दा बिनतोड होता. "हाय की," निशिगंधा म्हणाली. "पण ते मी सांगून काय उपयोग? दुसऱ्यानं सांगायला पायजे. मी उपाशी मरतो, पण ह्या खेपेला एक अक्षर लिवत न्हाय." कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, 'मरते' म्हणाल्या तर कुणाला खरं वाटत नाही.

"आनि गेलं हातचं म्हंजे?"

"गेलं तर गेलं."

म्हणायला म्हणाली, पण रात्री जेवण गेलं नाही. दोन पत्रांची सोय झाली होती. एम.एस्सी.ला शिकवणाऱ्या भैरवी मॅडमनी गेल्या वर्षीच्या प्रकाराबद्दल तिची माफी मागून स्वतः बसून पत्र लिहिलं होतं. पेठ वडगावच्या प्रयोगशाळेत तिचे नमुने तपासणारे विश्वजित सर होते, त्यांनीही आपलं आपण पाठवलं. अडकलं होतं तिसरं. ते अशा माणसानं लिहायचं होतं, ज्यानं तिचं काम रोजच्या रोज जवळून पाहिलंय. दुसऱ्या दिवशी तिनं अर्जातली ती ओळ तीनदा वाचली. माणूस किती शिकलेला हवा, कुठल्या हुद्द्यावर हवा, याबद्दल तिथं काही म्हटलेलं नव्हतं.

तिनं स्कूटर काढली आणि नदीपलीकडं, ज्ञानू तात्या कामाला होते त्या गुऱ्हाळावर गेली.

ज्ञानू तात्या गुळवे, म्हणजे गूळ बनवणारे कारागीर. पन्नास वर्षं उसाचा रस उकळणाऱ्या मोठ्या काहिलीपुढं उभं राहिलेला माणूस. रस कधी गूळ होतो हे ते बुडबुड्यांकडं बघून सांगायचे, मग थेंबभर पाक गार पाण्यात सोडून बोटांत त्याची गोळी फिरवायचे आणि म्हणायचे, "उतरवा." बाजारात गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून लोक काहिलीत रासायनिक पावडर मारतात. तात्यांनी कधी ती जवळ येऊ दिली नाही. रानभेंडीचं खोड चेचून पाण्यात भिजवायचं, त्याचा चिकट रस काहिलीत सोडायचा, की उसातला सगळा गाळ मळी होऊन वर येतो. तो किती सोडायचा, कितव्या अंशाला सोडायचा, हे तात्यांच्या डोळ्यांना माहीत होतं. ते आकड्यांत पकडायचं, हेच निशिगंधाचं तीन हंगामांचं काम.

"पत्र? आनि म्या?" तात्या हसायला लागले. "पोरी, म्या सातवी. त्येबी दोनदा बसून."

"त्येंनी शाळा विचारलेली न्हाय, तात्या. काम बघितलंय का, एवढंच विचारलंय."

"बघितलंय की."

"मग ते लिवा."

तात्यांनी काहिलीतली मळी झाऱ्यानं काढून बादलीत टाकली आणि म्हणाले, "आसं कर. तूच लिव. म्या सही करतो."

निशिगंधानं कपाळावर हात मारला. "तात्या, तुमीबी?"

"का? सगळीच तसं करत्यात. माजा भाचा म्हनला हुता."

"सगळी करत्यात म्हणून तर गेल्या वर्षी तोंडावर आपटलो! मी हातबी लावणार न्हाय. मराठीत लिवा, तुमाला येतंय तसं लिवा, पण तुमचं तुमी लिवा."

तात्यांनी तिच्याकडं टक लावून बघितलं. "खरं लिवलं तर चालंल?"

"खरंच लिवा."

"बग हां. मागनं रडायचं न्हाय."

विद्यापीठाचे छापील प्रश्न, ही कितव्या टक्क्यात बसते वगैरे, तिनं मराठीत सांगितले; पत्र लिहायला तात्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर विद्यापीठाची लिंक आली. निशिगंधा दहा पावलं लांब, उसाकडं तोंड करून उभी राहिली आणि तिथनं ओरडून सांगत होती, "आता खालचं निळं बटण दाबा!" तात्यांच्या बायकोनं, धोंडुबाईंनी, वहीचं पान दोन्ही हातांनी ताणून धरलं, तात्यांनी फोटो काढला, आणि फोटोत पहिल्यांदा पानापेक्षा धोंडुबाईंचा अंगठाच जास्त आला. चौथ्या फोटोला पत्र गेलं. मागं वळून बघायचा मोह निशिगंधाला पुष्कळ झाला, पण तिनं मान वळवली नाही.

त्याच दिवशी तिनं मारीके मॅडमना दोन ओळी लिहिल्या. तिसरं पत्र मराठीत आहे. ते मी वाचलेलं नाही आणि त्याचं भाषांतरही मी करणार नाही, तुमच्याकडं कुणी मराठी वाचणारं असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. अर्जदारानं फेलोशिप देणाऱ्यांना 'तुमचं तुम्ही बघा' असं सांगायचं, म्हणजे जरा जास्तच झालं होतं. पण गेलेलं परत घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

कोल्हापुरात बातमीला पाय लागतात. आठवड्याच्या आत धैर्यशील सरांनी तिला बोलावून घेतलं. ह्या वेळी मोबाईल टेबलावर पालथा होता.

"गुळव्या? नेदरलँड्सला गुळव्याचं पत्र? विभागाची काही अब्रू आहे की नाही?"

"त्यांनी माझं काम पाहिलंय, सर."

"आणि मी? रिसर्च पेपरवर माझं नाव आहे!"

"सर, तीन हंगामांत तुम्ही गुऱ्हाळावर किती वेळा आलात?"

"प्रश्न तो नाही."

"एकदा. उद्घाटनाला. फोटोत आहात तुम्ही."

सरांचा चेहरा लाल झाला, पण आवाज एकदम मऊ आला, आणि तो जास्त वाईट होता. "हे बघ निशिगंधा, मी मन मोठं करून तुझ्या त्या प्राध्यापिकेला परस्पर पत्र पाठवलंय. उत्तम पत्र आहे. तू फक्त त्यांना कळव, की ते गुळव्याचं चुकून गेलं, ते मागं घेते. नाहीतर प्रोजेक्टची सगळी माहिती विभागाच्या मालकीची आहे. ती वापरायला मी परवानगी दिली नाही, तर तू तिथं जाऊन काय करणार?"

"कुठलं पत्र पाठवलंत, सर?"

"अगं, पत्र म्हणजे पत्र."

"माझ्या वह्यांत अक्षर माझं हाय, सर. रोजची तारीख हाय, आणि प्रत्येक पानावर तात्यांची सही हाय. तुमची एकबी न्हाय." चिडली की ती कॉलेजची भाषा विसरायची. "पत्र मागं न्हाय घेणार मी. तुमाला काय करायचं ते करा."

ती निघाली तेव्हा दार जोरात आपटलं. वाऱ्यानं आपटलं, असं ती नंतर सांगायची.

फेलोशिपच्या समितीनं मुलाखत ठेवली, लॅपटॉपवर, दुपारी अडीचला. आईनं कुकर बंद ठेवला, टीव्हीची वायर काढली आणि स्वयंपाकघराच्या दारात मुठी आवळून बसली. तिला इंग्रजी कळत नव्हतं, पण मुलीच्या आवाजावरून काय ते कळेल असा तिचा हिशेब होता. पडद्यावर तिघं होते: मारीके मॅडम, एक तरुण प्राध्यापक, आणि मधोमध पांढऱ्या केसांचे समितीचे अध्यक्ष.

पहिला अर्धा तास भेंडीचा चीक, तापमान, मळी यावर गेला. निशिगंधाचा आवाज खणखणीत होता. आईच्या मुठी सुटल्या. मग अध्यक्षांनी चष्मा लावला आणि कागद पुढं ओढले.

"तुमच्याबद्दल आमच्याकडं चार पत्रं आली आहेत. आम्ही तीनच धरतो. दोन पत्रांबद्दल प्रश्न नाही. राहिलेल्या दोन पत्रांतलं कुठलं धरायचं, ते अर्जदारानं सांगायचं असा आमचा नियम आहे. तुमचे विभागप्रमुख लिहितात, की वीस वर्षांत त्यांनी पाहिलेली तुम्ही सर्वोत्तम विद्यार्थिनी आहात. दुसरं पत्र आमच्याकडं शिकणाऱ्या एका पुण्याच्या मुलीनं भाषांतर करून दिलंय. ते वाचून दाखवतो."

त्यांनी वाचलं ते इंग्रजीत, पण निशिगंधाच्या कानांत ते तात्यांच्याच आवाजात उतरत गेलं.

"नमस्कार. म्या ज्ञानू, गुळव्या. ही पोरगी तीन हंगाम माज्याकडं हुती. पैल्या वर्षी तिनं माजी एक काहील करपिवली. म्या म्हनलं उतरवा, ही म्हनली तापमानाच्या काट्यावर अजून दोन अंश हायत. ऐकलं न्हाय. गूळ काळा झाला, मालक मला बोलला. म्या तिला लई शिव्या दिल्या. वाटलं आता येनार न्हाय. दुसऱ्या दिवशी काटा बदलून आली. म्हनली, थोडी चूक काट्याची, थोडी माजी. तवापास्नं ती माजं ऐकती, पन तपासून ऐकती. मला ते आवडत न्हाय, पन बरोबर हाय. तुमी विचारलंय ती कितव्या टक्क्यात. टक्के मला कळत न्हाईत. पन्नास वर्सांत माज्याकडं लई मानसं शिकून गेली. त्यात ही दुसरी. पैला माजा भाऊ बंडू. त्यो वारला. भाऊ म्हनून सांगत न्हाय. बाकी पैसं द्यायचं का न्हाय, ते तुमी बगा."

मग अध्यक्षांनी धैर्यशील सरांचं पत्र पडद्यावर दाखवलं. पहिली ओळ वाचताच निशिगंधानं पत्र ओळखलं. ते तिचंच होतं. गेल्या वर्षी ह्याच टेबलाशी बसून तिनं टाईप केलेलं, वीस वर्षांतली सर्वोत्तम विद्यार्थिनी वगैरे सगळं तिनंच स्वतःबद्दल ठोकून दिलेलं. सरांनी तारीख तेवढी बदलली होती.

गप्प बसून ते घ्यायचं, एवढंच करायचं होतं. सर्वोत्तम विद्यार्थिनी कुठं आणि काहील करपवणारी कुठं. वर सही-शिक्का होता, लेटरहेड होतं, सरही खूश झाले असते आणि वह्यांचा वाद मिटला असता. मनात हा विचार आला नाही असं नाही. आला, आणि चांगला रेंगाळला. समितीतल्या कुणाला ते पत्र गेल्या वर्षीचं म्हणून ओळखू आलं होतं का, हे तिला आजही ठाऊक नाही. मग तिला स्वतःचीच चीड आली, की अजून आपण ह्याचा विचार करतोय.

"हे बाजूला ठेवा," ती म्हणाली. "हे त्यांनी लिहिलेलं नाही. गेल्या वर्षी मी लिहिलंय. ह्याच्यामुळंच माझा अर्ज बाद झाला होता."

मारीके मॅडमनी डोळ्यांवर हात ठेवला.

"आणि दुसरं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते धरा. काहील मीच करपवली."

"त्यात तुम्हाला दुसरा क्रमांक दिलाय, हे तुमच्या लक्षात आलंय ना?"

आलं होतं, आणि लागलंही होतं. तीन हंगाम त्या धगीपुढं उभं राहून दुसरी? आवाज तिनं चढवूनच ठेवला. "त्यांच्या भावाला मी पाहिलेलं नाही. पण ज्ञानू तात्या माझ्यासाठी खोटं लिहिणार नाहीत. म्हणून तर मी त्यांच्याकडं गेले. तुम्हाला पहिलीच हवी असेल, तर दुसरी कुणीतरी बघा."

पडदा बंद झाल्यावर आई दारातून उठून आली. "काय म्हटलीस गं त्येंना? भांडल्यागत वाटलं."

"खरं सांगितलं."

"गेलं मग," आई म्हणाली आणि खाली बसली.

सतरा दिवस काही आलं नाही. अठराव्या दिवशी सकाळी मेल आली. निशिगंधानं ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली, मग आईच्या गळ्यात पडून हमसून रडली, आणि आई, काय झालंय ते न कळताच, तिच्याबरोबर रडली. चार वर्षांचा पगार, फी, तिकीट. खाली मारीके मॅडमनी स्वतःची एक ओळ जोडली होती: तपासून ऐकणारी माणसं आम्हाला इथं फार कमी मिळतात.

दुपारपर्यंत कॉलेजच्या ग्रुपवर धैर्यशील सरांचा फोटो झळकला, खाली 'आमच्या विभागाच्या मार्गदर्शनाखाली' असं ठळक अक्षरांत. निशिगंधानं तिथंच खाली लिहिलं, 'शिफारस करणाऱ्या तिघांत विभागप्रमुख नाहीत', आणि तिघांची नावं दिली. तिला लगेच ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. वह्यांचा विषय मात्र सरांनी पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी ती गुऱ्हाळावर गेली. हंगाम उरकत आला होता. तात्या काहिलीखालच्या चुलवाणाजवळ पाय पसरून बसले होते. तिनं पेढ्यांचा पुडा पुढं केला आणि सगळं सांगितलं.

"पैसं सगळं त्येंचंच?"

"सगळं."

"मंग वाचलं म्हनायचं पत्र."

"मला वाचून दाखवलं, तात्या. सगळ्यांच्या समोर."

तात्यांनी पेढा तोंडात टाकला. तिच्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, "दुसरी म्हनलं म्हनून राग आला?"

"आला."

"लई?"

"लई. अजून हाय."

"चांगलं हाय," तात्या म्हणाले. "त्यो राग चार वर्सं पुरंल का?"

"पुरंल," निशिगंधा म्हणाली.